बोडक्या डोंगरांत काढण्यासारखं काय आहे?

प्रश्न : आम्ही संगमनेर तालुक्याच्या पठार भागात राहतो. धाकट्या मुलीला चित्रकलेची फार आवड. परवा तिने विचारलं, ‘‘बाबा, आपल्या डोंगरावरच्या रानझाडांची चित्रं कुणी काढली आहेत का?’’ मला उत्तर देता आलं नाही. हिरवाई आणि धबधबे बघायला आम्हीच भंडारदऱ्याला जातो. इकडे बाभळी, कुसळं आणि दगड. अशा मुलखात चित्रकाराला काढण्यासारखं खरोखर काही असतं का?

उत्तर : आधी मुलीच्या प्रश्नाला उत्तर देतो. हो, आपल्याकडच्या रानवनस्पतींची चित्रं काढली गेली आहेत, आणि त्यातलं फार मोलाचं काम तुमच्यापासून पुण्याच्या वाटेवरच झालं आहे.

पुण्याजवळ दापोडीला, पवनेच्या काठी, मुंबई सरकारची एक वनस्पतींची बाग होती. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये ती सुरू झाली. १८३८ पासून तिचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आला. गिब्सन पेशाने शल्यवैद्य, पण त्याचा जीव झाडांत. तुमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, हिवरे इथंही त्याने औषधी वनस्पतींची बाग केली होती. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याच सुमारास, १८४७ ते १८५० या काळात, त्याने एका चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० चित्रं काढून घेतली. बागेत लावलेली परदेशी झाडं त्यांत आहेत, तशाच सह्याद्रीच्या रानात आपल्या आपण उगवणाऱ्या वनस्पतीही आहेत. ही चित्रं आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. हेन्री नॉल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये पुस्तक काढलं, तेव्हा कुठे दापोडीची ही चित्रं लोकांसमोर नीट आली.

चित्रकार कोण होता? पोर्तुगीज-हिंदी, एवढीच त्याची ओळख कागदपत्रांत उरली. नाव गेलं. गिब्सनचं नाव मात्र राहिलं. डालझेल आणि गिब्सन या दोघांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये छापून निघाला आणि वनस्पतींचे अभ्यासक आजही त्याचा दाखला देतात. ज्याने ती पानं, ते देठ, त्या पाकळ्या डोळ्यांत साठवून कागदावर उतरवल्या, त्याला मात्र आपण नावाने हाक मारू शकत नाही. मला ही गोष्ट मनापासून खुपते. कारण असं व्हायलाच हवं होतं असं नाही. त्याच काळात मद्रासकडे रॉबर्ट वाइट या डॉक्टरसाठी रंगय्या आणि गोविंदू हे दोन चित्रकार काम करत होते. वाइटने त्यांची नावं नोंदवून ठेवलीच, शिवाय ऑर्किडच्या एका प्रजातीला ‘गोविंदूइया’ असं गोविंदूचं नाव दिलं. त्याच्याही आधी दोनशे वर्षांपूर्वी, जहांगीर बादशहाने १६२० मध्ये काश्मीरची फुलं उस्ताद मन्सूरकडून रंगवून घेतली आणि आपल्या आत्मचरित्रात त्याचा नाव घेऊन उल्लेख केला. त्याने काढलेली फुलं शंभरावर होती असं बादशहा लिहितो. म्हणजे फुलं काढणाऱ्या माणसाचा मान ठेवण्याची रीत या देशात होती. दापोडीला ती पाळली गेली नाही.

आता तुमचा प्रश्न. बोडक्या मुलखात काढण्यासारखं काय?

हा मुलूख मुळात घडला कसा, तिथून सुरुवात केली पाहिजे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्ह्याचा तुमचा सगळा तालुका आहे. म्हणून तुमचे डोंगर टोकदार नाहीत. त्यांचे माथे सपाट आहेत आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून उताराला लागतो. संगमनेरच्या परिसरात आणखी एक विशेष आहे. लाव्ह्याच्या थरांना चिरून खालून वर घुसलेल्या खडकाच्या उभ्या भिंती, ज्यांना भूगर्भशास्त्रात प्रस्तरभित्ती म्हणतात, त्या इथं इतक्या आहेत की अभ्यासकांनी त्यांच्या समूहाला संगमनेरचंच नाव दिलं आहे. आजूबाजूची जमीन झिजली की ही भिंत काळ्या सरळ कण्यासारखी वर राहते. चित्रकाराला अशी रेघ निसर्गात क्वचित मिळते. हाताने आखल्यासारखी सरळ, आणि तरी दगडाची.

दुसरी गोष्ट प्रवरेच्या काठची. नदीने आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर काठावर आहेत आणि पावसाच्या ओघळांनी ते चिरून चिरून त्यांच्या खोल घळी झाल्या आहेत. पिवळसर, तपकिरी माती, तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे, वर एखादी बाभळ मुळं उघडी टाकून लटकलेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे मोठं नुकसान आहे, ते मी नाकारत नाही. पण चित्राच्या दृष्टीने ही जमीन श्रीमंत आहे. सकाळी आणि संध्याकाळी तिरपा उजेड पडला की प्रत्येक घळीची एक बाजू पेटते आणि दुसरी निळसर होते.

अशा जमिनीने एक अख्खी चित्रपरंपरा घडवल्याचं उदाहरण आपल्या देशात आहे. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात पावसाने कापलेली तांबडी, घळींची जमीन आहे; तिथले लोक तिला खोआई म्हणतात. शांतिनिकेतन त्याच जमिनीवर उभं आहे. १९१९ मध्ये तिथं कलाभवन सुरू झालं. नंदलाल बोस विद्यार्थ्यांना घेऊन माळावर जात आणि समोरचं झाड, समोरचं गवत काढायला लावत. बिनोदबिहारी मुखर्जींनी १९४० मध्ये कलाभवनाच्या वसतिगृहाच्या छतावर बीरभूमचा परिसर रंगवला. तळी, ताडाची झाडं, झोपड्या, माणसं, सगळं तिथलंच. डोंगर नाहीत, धबधबे नाहीत. आपल्याकडचे विनायक मासोजी तिथं शिकले आणि पुढे तिथंच शिकवू लागले, तेही याच मातीवर. कुणी त्या जमिनीला भिकार म्हटलं असतं तर भारतीय चित्रकला एका मोठ्या दालनाला मुकली असती.

आणि महाराष्ट्रातच बघायचं तर कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते परत गावी आले. शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. दरबाराची कामं करता करता आयुष्यभर त्यांनी ज्याचा ध्यास घेतला तो होता कोटितीर्थाच्या तळ्याचा परिसर. तेच पाणी, तीच झाडी, वेगळी वेळ, वेगळा ऋतू. १९३१ मध्ये ते गेले. निसर्गचित्रकाराला फिरायला मोठा मुलूख लागतो हा समज त्यांच्या कामाने कायमचा खोटा ठरवला आहे.

आता वनस्पती. संगमनेरला वर्षाला साधारण चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पश्चिमेला, प्रवरा जिथं उगम पावते त्या रतनगडाच्या पायथ्याला, तो काही हजार मिलिमीटरवर जातो. अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं. एवढ्याशा वाटेत वनस्पतींचं जग पार बदलतं. वर कारवी, हिरडा, जांभूळ. खाली तुमच्याकडे हिवर, बाभूळ, बोर, तरवड. सगळ्यांचं लक्ष वरच्या टोकाकडे असतं, आणि त्यात वावगं काही नाही. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात कंदीलपुष्पाची एक अतिशय दुर्मीळ जात आढळते, तिच्यासाठी लोक लांबून येतात. पण कोरड्या टोकाच्या वनस्पतींना जगण्यासाठी जी शक्कल लढवावी लागते ती त्यांच्या अंगावर उमटलेली असते, आणि चित्रकाराला नेमकी तीच हवी असते.

हिवराचंच घ्या. साल फिकट, जवळजवळ पांढुरकी, त्यावर काळसर भेगा, काटे सरळ, आणि पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांना मलईच्या रंगाच्या बारीक गोंड्यांचे तुरे. दुरून पाहिलं तर झाडावर धूळ बसल्यासारखी वाटते, जवळ गेलं की कळतं तो फुलोरा आहे. तरवड बघा. जनावरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून चराईच्या माळावरही तो टिकतो आणि भर उन्हात पिवळाधमक फुलतो. त्याची साल कातडी कमावायला वापरत, आणि नवरात्रात घटाला त्याच्या फुलांची माळ घालायची रीत अनेक घरांत आहे. इतक्या ओळखीचं झाड, पण त्याच्या फुलातले पुंकेसर सारखे नसतात, काही आखूड, काही लांब वाकलेले, हे किती जणांनी पाहिलंय? चित्र काढायला बसलं की ते पाहावंच लागतं.

आणि कुसळं! तुम्ही ती जवळजवळ तक्रार म्हणून लिहिली आहेत. कुसळीच्या बीला जो लांब केसासारखा काटा असतो तो ओलाव्याने पीळ सोडतो, सुकला की पुन्हा पीळ घेतो आणि या फिरकीने बी जमिनीत घुसतं. दिवाळीच्या आसपास हे काटे एकमेकांत गुंतून सबंध डोंगराला तांबूस-तपकिरी छटा आणतात. ती छटा रंगवता येणं हे मोठ्या जलरंगकाराचं काम आहे. हिरवं रान रंगवणं त्यामानाने सोपं.

तुमच्या मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद झालेली आहे, एस. जी. प्रधान आणि एन. पी. सिंग यांचा ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे यादी तयार आहे. तिच्यातलं एकेक झाड रंगात बघायचं काम कुणीतरी हाती घ्यायची वाट बघतंय.

प्रश्न : मोबाइलमध्ये क्षणात फोटो निघतो, तोही अचूक. मग दिवसभर बसून एका फुलाचं चित्र काढण्याचा उपयोग काय?

उत्तर : फोटो काढावा, जरूर काढावा. महाराष्ट्राच्या रानफुलांची गोडी आज जी एवढी पसरली आहे त्यात छायाचित्रांचा वाटा मोठा आहे. श्रीकांत इंगळहळीकरांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ या २००१ च्या पुस्तकाने कितीतरी डोंगरभटक्यांच्या हाती पहिल्यांदा फुलाचं नाव दिलं.

पण फोटोत एका झाडाची एका क्षणाची अवस्था येते. कळलावीच्या वेलावर एकाच वेळी कळी, उमलतं फूल, पूर्ण उमललेलं आणि उतरणीला लागलेलं फूल असतं. कळी खाली मान घालून असते. उमलताना पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात. आधी हिरवट, मग पिवळ्या, मग केशरी, शेवटी लाल होतात. खाली परागवाहिनी देठाशी जवळजवळ काटकोनात बाजूला वळलेली असते, जणू मुद्दाम वाट सोडून. पानाचं टोक लांब होऊन गोल वळतं आणि आधाराला धरून वेल वर चढतो. हे सगळं एका चौकटीत, एकाच उजेडात, एकमेकांना न झाकता फोटोत मिळणं जवळजवळ अशक्य. चित्रकार चार दिवस त्या वेलाजवळ जातो आणि चारही दिवसांचं एका फांदीवर आणतो. आडवं आलेलं गवत गाळतो, पाठीमागचा दगड गाळतो. फुलाचा उभा छेद शेजारी काढून दाखवतो. म्हणूनच नवीन जातीचं वर्णन प्रसिद्ध करताना वनस्पतिशास्त्रज्ञ आजही रेखाचित्र जोडतात.

कंदीलपुष्पाचंही तसंच आहे. बाहेरून ते फूल हिरव्या-जांभळ्या कंदिलासारखं दिसतं. आत नळीत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी वासाने आत शिरते, केसांमुळे तिला परत फिरता येत नाही, तिला परागाचे पुंज चिकटतात, आणि मग केस कोमेजले की तिची सुटका होते. ही गोष्ट आतून समजावून घेऊन काढलेल्या चित्रात जशी उलगडते तशी बाहेरून टिपलेल्या फोटोत उलगडत नाही.

याखेरीज एक उपयोग आहे, तो मला सर्वांत मोठा वाटतो. तारीख घातलेलं चित्र हा पुरावा असतो. संगमनेर तालुक्यातच दरेवाडीला १९९६ पासून पाणलोटाचं काम झालं, चराईबंदी झाली, गेलेलं गवत परत आलं. २००६ मध्ये भाऊसाहेब थोरातांनी दंडकारण्य अभियान सुरू केलं आणि उघड्या डोंगरांवर बिया पेरल्या गेल्या. ही कामं व्हायच्या आधी तो डोंगर कसा दिसत होता, कुठलं झुडूप कुठं होतं, हे कुणी दर वर्षी एकाच जागी बसून रंगवलं असतं, तर आज तो केवढा ठेवा झाला असता! गावातल्या एखाद्या शाळेने हे काम आजपासून धरलं तरी वीस वर्षांनी ते कामाला येईल.

प्रश्न : मी ग्रामीण शाळेत कलाशिक्षक आहे. मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की सगळी दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि एक नारळाचं झाड काढतात. यातून त्यांना बाहेर कसं काढावं? आणि देशी वनस्पती काढायला कुठून सुरुवात करावी?

उत्तर : सर, हे चित्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक वर्गात आहे आणि त्यात मुलांचा काही दोष नाही. त्यांना कुणी खिडकीबाहेर बघायला सांगितलेलं नसतं. तुमच्या शाळेबाहेरचा डोंगर सपाट माथ्याचा आहे, नारळ तर मैलोन् मैल नाही. एकदा मुलांना बाहेर बसवा आणि एकच काम द्या : डोंगराच्या माथ्याची रेघ जशी दिसते तशी काढा. बाकी काही नको. कुठे सरळ जाते, कुठे पायरी उतरते, कुठे खाच आहे. ही रेघ खरी आली की पुढचं सगळं खरं व्हायला लागतं. चंदनापुरीच्या घाटाजवळची शाळा असेल तर फारच छान, बाळेश्वराच्या डोंगराची अशी रेघ मिळेल की मुलं जन्मभर विसरणार नाहीत. पेमगिरीच्या जवळची असेल तर त्या विस्तीर्ण वडाखाली न्या. एवढं मोठं झाड कागदावर मावत नाही, म्हणून त्याची एकच पारंबी काढायला सांगा.

वनस्पतींची सुरुवात पानापासून करावी, फुलापासून करू नये. फुलाचा रंग भुलवतो आणि आकाराकडे दुर्लक्ष होतं. पळसाची तीन पानं घ्या. मधलं पान बाजूच्या दोघांहून वेगळ्या आकाराचं असतं आणि बाजूची दोन्ही तिरपी असतात. शिरा कुठून निघतात, कडेपर्यंत जातात की आधीच वळतात, हे पेन्सिलने काढायला एक तासिका द्या. मग पान आणि देठ जिथं जुळतात तो सांधा. मुलं पान आणि देठ हमखास वेगवेगळी काढून चिकटवतात. खरं झाड असं चिकटवलेलं नसतं.

ऋतूप्रमाणे विषय आपोआप मिळत जातात. माघात काटेसावर निष्पर्ण होऊन लाल फुलते, फाल्गुनात पळस आणि पांगारा, चैत्र-वैशाखात बहावा. आषाढ-श्रावणात माळावर बारीकसारीक फुलांची दाटी होते, त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागेल. भाद्रपदानंतर गवतं. गवतांकडे चित्रकार वळत नाहीत, म्हणून मी आग्रहाने सांगतो : मारवेल, पवन्या, कुसळी या तिघांची कणसं शेजारी शेजारी काढून बघा.

देशी कोणतं आणि उपरं कोणतं, हे मात्र मुलांना आरंभीच सांगून टाका. माळावर सर्वांत ठळक दिसणारी घाणेरी मूळची अमेरिकेतली. गाजरगवतही तिकडचंच, आपल्या देशात त्याची ठळक नोंद पुण्यात १९५५ मध्ये झाली आणि आज ते प्रत्येक बांधावर आहे. सुबाभूळ, गिरिपुष्प, घायपात हे सगळे परमुलखातले. निसर्गचित्रात ती दिसतात तर काढावीत, खोटं चित्र काढू नये. पण ‘आपल्या गावच्या वनस्पती’ असा संच करायचा असेल तर त्यांना बाजूला ठेवावं आणि हिवर, तरवड, बोर, पळस यांना जागा द्यावी.

रंगांविषयी. ट्यूबमधला तयार हिरवा रंग वर्गातून काढूनच टाका. निळा आणि पिवळा मिसळून, त्यात किंचित तांबडा घालून जो हिरवा होतो तोच इकडच्या झाडांचा हिरवा आहे, थोडा करडा, थोडा धुळकट. आणि मातीचे रंग तर पायाखाली आहेत. गेरू, पिवळी माती, चुना, काजळी घेऊन मुलांना रंग घोटायला लावा. अजिंठ्याच्या चित्रकारांनी तांबडा, पिवळा आणि हिरवा हे रंग दख्खनच्या याच खडकातून आणि मातीतून मिळवले. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द तेवढा बाहेरून आणावा लागला.

आणि हे सांगताना मुलांना जोर्व्याला न्यायला विसरू नका. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी असलेल्या या गावात १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगात काढलेल्या रेघा, जाळ्या, त्रिकोण यांची जी खापरं तिथं सापडली त्यांच्यावरून एका सबंध ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला जोर्वे संस्कृती असं नाव पडलं. इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० हा तिचा काळ. तीन हजार वर्षांपूर्वी याच नदीकाठी माणूस याच मातीच्या तांबड्यावर काळी रेघ ओढत होता, हे आपल्या विद्यार्थ्याला ठाऊक असलं पाहिजे. संगमनेरच्या कुठल्याही चित्रकाराला यापेक्षा मोठा वारसा सांगता येणार नाही.

सुकलेल्या गोष्टीही टाकू नका. इंदूरचे विष्णू चिंचाळकर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, त्यांनी वाळलेली पानं, मुळं, काटक्या, बिया यांतून आकार शोधायला हजारो मुलांना शिकवलं. उन्हाळ्यात जेव्हा माळावर काहीच फुललेलं नसतं तेव्हा बाभळीच्या मण्यांच्या माळेसारख्या शेंगा, बोराचे काटे, फुटलेली सावरीची बोंडं काढता येतात.

दोन गोष्टी जपा. कळलावीचा सबंध वेल, विशेषतः कंद, विषारी असतो. मुलांनी हात लावला तर धुवायला लावा. आणि काहीही उपटू नका. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथून वनस्पती काढणं हा गुन्हा आहे. पण अभयारण्याबाहेरच्या माळावरही तोच नियम पाळावा. कागद झाडाजवळ न्यायचा, झाड कागदाजवळ आणायचं नाही.

प्रश्न : झाड काढलं, पण नाव ठाऊक नाही. पुस्तकातली लॅटिन नावं कळत नाहीत. मग चित्राखाली काय लिहायचं?

उत्तर : तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या मेंढक्याला विचारा, अकोले तालुक्यातल्या ठाकर आणि महादेव कोळी घरांतल्या आजीबाईंना विचारा. त्या नुसतं नाव सांगत नाहीत. कंद खातात की नाही, जनावराला चालतं की नाही, कुठल्या दुखण्यावर लागतं, तेही सांगतात. एकाच झाडाला दोन गावांत दोन नावं निघाली तर दोन्ही लिहावीत. शास्त्रीय नाव नंतर महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून चित्र दाखवून मिळवता येतं, आणि चित्र चांगलं असेल तर ते लगेच सांगतात.

चित्राखाली स्थानिक नाव लिहा, गाव लिहा, जागा लिहा, म्हणजे ओढ्याकाठ, बांध, माळ की कडा, तारीख लिहा. आणि त्याखाली काढणाऱ्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहावं, लहान मुलीनेही. पठार भागातल्या, प्रवराकाठच्या किंवा अकोल्याच्या वाचकांकडे अशा रानवनस्पतींची पुस्तकात न सापडणारी नावं असतील तर ती गावाच्या नावासह आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या एका अंकात ती नावं, सांगणाऱ्यांच्या उल्लेखासह, याच सदरात छापू.